दफ्तरातील रेघ आणि नायजेरियाचे संघराज्य

ज्यांचे आजोबा-पणजोबा शिंदे, होळकर किंवा गायकवाड सरकारच्या चाकरीत होते, अशा घरांतून ‘रेसिडेंटसाहेब’ हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडी हमखास येत असे. गादीवर राजा बसलेला, दरबार भरलेला, निशाण फडकत असलेले. आणि गावाबाहेरच्या कोठीत राहणारा एक इंग्रज अधिकारी दरबाराला ‘सल्ला’ देत असलेला. हा सल्ला न मानणे म्हणजे काय, हे १८७५ साली मल्हारराव गायकवाडांना पदच्युत व्हावे लागले तेव्हा सर्वांनाच कळून चुकले. इंदूरच्या जुन्या रेसिडेन्सी कोठीसमोरून जाताना आम्हांला या व्यवस्थेची आठवण नेहमी होते.

हाच शब्द, याच अर्थाने, पुढे हजारो मैलांवर पश्चिम आफ्रिकेत गेला, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. १९०० सालानंतर उत्तर नायजेरियातील मुसलमान अमीरांच्या दरबारी जे इंग्रज अधिकारी नेमले गेले, त्यांचे पदनाम ‘रेसिडेंट’ असेच होते. ज्याने ही व्यवस्था तेथे बसविली, त्या फ्रेडरिक लुगार्डचा जन्म १८५८ साली मद्रासच्या किल्ल्यात झाला होता. सेवानिवृत्तीनंतरच्या वाचनात नायजेरियाचा इतिहास हाती आला, तेव्हा प्रथम या ओळखीच्या शब्दानेच आम्हांला थांबविले. वाचता वाचता ध्यानात आले, की त्या देशाच्या संघराज्याची सारी कहाणी म्हणजे दफ्तरात कारभाराच्या सोयीसाठी ओढलेल्या एका रेघेची कहाणी आहे. ती रेघ पुढे माणसांच्या मनात उतरली, आणि रेघेच्या ‘चुकीच्या’ बाजूला वसलेल्या कुटुंबांना त्याची किंमत मोजावी लागली. परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेल्या आपणां मंडळींना ही कहाणी परकी वाटू नये.

इंग्रजांपूर्वी ‘नायजेरिया’ नावाचा देश नव्हता. हे नाव सुद्धा १८९७ साली ‘टाइम्स’ पत्रातून फ्लोरा शॉ या पत्रकार स्त्रीने सुचविले. पुढे १९०२ साली तिचा विवाह लुगार्डशीच झाला. नायजर आणि बेन्वे या दोन महानद्यांनी या भूप्रदेशाचे ढोबळमानाने तीन भाग पडतात. उत्तरेस, १८०४ साली उस्मान दान फोदिओने पुकारलेल्या धर्मयुद्धातून उभी राहिलेली सोकोटोची खिलाफत होती. तिच्या अंकित कानो, झारिया, कात्सिना अशी अमीराती होती. त्यांचे काझी, कर आणि कारकून यांची घडी बसलेली होती. नैर्ऋत्येस योरुबा लोकांची नगरराज्ये होती; तेथे राजा असे, पण त्याच्या सत्तेला सरदारमंडळाचा लगाम असे. आग्नेयेस इग्बो लोक बहुतेक ठिकाणी राजाविना, गावसभा व वडीलधाऱ्यांच्या विचाराने चालत. याखेरीज तिव, इजॉ, इबिबिओ, एडो असे शेकडो लहानमोठे समाज होतेच.

इंग्रजांचा शिरकाव एका मार्गाने झाला नाही. लागोस बेट १८६१ साली खालसा करून तेथे वसाहत स्थापिली गेली. नायजरच्या खोऱ्यात जॉर्ज गोल्डीच्या रॉयल नायजर कंपनीस १८८६ साली सनद मिळाली. आपल्याकडील ईस्ट इंडिया कंपनीचीच ती धाकटी भावंड म्हणावी. १ जानेवारी १९०० रोजी तिचा मुलूख ब्रिटिश सरकारने ८,६५,००० पौंड भरपाई देऊन आपल्याकडे घेतला. उत्तर नायजेरिया व दक्षिण नायजेरिया अशी दोन संरक्षित राज्ये जाहीर झाली; लागोस १९०६ साली दक्षिणेत विलीन झाले. उत्तरेचा हायकमिशनर म्हणून लुगार्ड आला, आणि १९०३ साली त्याच्या फौजेने कानो व सोकोटो घेतले.

जिंकले खरे, पण राखायचे कसे? लुगार्डजवळ मूठभर इंग्रज अधिकारी होते आणि तिजोरी जवळजवळ रिकामी होती. तेव्हा त्याने जो मार्ग पत्करला तो हिंदी संस्थानांच्या अनुभवाशी नाते सांगणारा होता. अमीर गादीवरच ठेवायचा. त्याच्याकरवी कर गोळा करायचा. ठरलेला हिस्सा सरकारात भरून उरलेल्या रकमेतून अमीराच्या खजिन्याने स्थानिक कारभार चालवायचा. न्यायनिवाडा काझींकडे ठेवायचा. आणि शेजारी रेसिडेंट बसवायचा. या पद्धतीस ‘अप्रत्यक्ष राज्य’ असे नाव पडले. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात लुगार्डने या गरजेच्या उपायाला तत्त्वज्ञानाचे रूप दिले. खर्च वाचविण्यासाठी केलेल्या सोयीला मागाहून सिद्धान्ताची झूल चढते, हा अनुभव सरकारी चाकरीत उमेदवारी केलेल्या कोणासही नवा नाही.

उत्तरेत ही पद्धत रुजली, कारण तेथे तिला आधार देणारी चौकट आधीच होती. दक्षिणेत मात्र ती ओढूनताणून बसवावी लागली. योरुबा मुलखात ओयोच्या राजास, म्हणजे अलाफिनास, परंपरेने नव्हती एवढी सत्ता देण्यात आली. त्यातून १९१६ साली इसेयिन येथे आणि १९१८ साली एग्बा प्रदेशात उठाव झाले. इग्बो मुलखात तर राजेच नव्हते. तेव्हा सनदेच्या कागदावर ‘प्रमुख’ नेमले गेले. गावाच्या दृष्टीने या माणसांना मान नव्हता, पण त्यांच्या हाती न्यायालय होते. १९२८ साली तेथे प्रत्यक्ष कर सुरू झाला. पुढच्या वर्षी ओलोको गावी घरोघर माणसांची व गुराढोरांची मोजणी होऊ लागली, तेव्हा आता बायकांवरही कर बसणार अशी वार्ता पसरली. हजारो स्त्रिया एकत्र आल्या, सनदी प्रमुखांची न्यायालये त्यांनी मोडली. गोळीबारात पन्नासांहून अधिक स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. इतिहासात ही घटना १९२९ चे ‘स्त्रियांचे युद्ध’ म्हणून ओळखली जाते.

आता मुख्य रेघेकडे वळू. १ जानेवारी १९१४ रोजी उत्तर व दक्षिण नायजेरियाचे एकीकरण झाले आणि लुगार्ड गव्हर्नर-जनरल झाला. या एकीकरणामागे राष्ट्रनिर्मितीचा हेतू शोधू गेल्यास निराशा पदरी येईल. उत्तरेचा जमाखर्च तुटीचा होता व दरवर्षी विलायतेच्या तिजोरीतून अनुदान द्यावे लागे. दक्षिणेस बंदरांवरील जकातीचे, विशेषतः विदेशी मद्यावरील जकातीचे, भरघोस उत्पन्न होते. शिवाय उत्तर आणि दक्षिण सरकारांनी स्वतंत्रपणे रेल्वे बांधावयास घेतली होती. दक्षिणेची शिल्लक उत्तरेच्या तुटीस लावावी आणि रेल्वे एका हाती आणावी, हा व्यवहार होता. तत्कालीन वसाहतमंत्री हार्कोर्ट यांनी तर उत्तर म्हणजे होतकरू तरुण आणि दक्षिण म्हणजे धनवान वधू अशी विवाहाची उपमा योजली होती. वधूवरांचे मत कोणी विचारले नव्हते.

या वेळी दुसरा मार्ग सुचविला गेला नव्हता असे नाही. उत्तरेतील वरिष्ठ अधिकारी चार्ल्स टेंपल आणि पत्रकार एडमंड मोरेल या दोघांनीही देशाचे अधिक व लहान विभाग करण्याच्या योजना मांडल्या होत्या. लुगार्डने त्या नाकारल्या. त्याने उत्तर आणि दक्षिण हे दोन गट तसेच ठेवून त्यांवर दोन लेफ्टनंट-गव्हर्नर नेमले. त्यामुळे एकीकरण झाले ते तिजोरीचे व रेल्वेचे. कारभार दोनच राहिले. उत्तरेत जमीन सरकारच्या नियंत्रणाखाली होती, दक्षिणेत जमिनीचे कायदे निराळे. उत्तरेच्या अमीरातींत ख्रिस्ती मिशनऱ्यांना मज्जाव होता, म्हणून त्यांच्या शाळाही तेथे फारशा पोहोचल्या नाहीत. दक्षिणेत त्याच शाळांतून कारकून, शिक्षक व वकील यांची पिढी तयार झाली. १९२२ साली क्लिफर्डच्या राज्यघटनेने कायदेमंडळ आले, त्यात ४ जागा निवडणुकीच्या होत्या, ३ लागोसच्या व १ कॅलाबारची; पण हे मंडळ कायदे करी ते दक्षिणेपुरते. उत्तरेसाठी गव्हर्नर स्वतः फर्मान काढी. दोन्हीकडील इंग्रज अधिकाऱ्यांतही एवढी चुरस असे, की सर्व आफ्रिकन लोक देश सोडून गेले तर हे दोन पक्ष आपसांत लढाई जुंपतील, अशी थट्टा त्या काळी रूढ होती.

१९३९ साली दक्षिणेचे, नायजर नदी सीमा धरून, पूर्व व पश्चिम असे दोन भाग करण्यात आले. उत्तरेस मात्र कोणी हात लावला नाही. रिचर्ड्सची राज्यघटना १ जानेवारी १९४७ पासून अमलात आली, तिने उत्तर, पूर्व व पश्चिम या तीन प्रशासकीय विभागांना प्रादेशिक सभा दिल्या. आमच्या मते निर्णायक क्षण हाच. काल जो कमिशनरच्या कारभाराचा विभाग होता, तो आज राजकीय घटक झाला. उत्तरेचे प्रतिनिधी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रथमच बसले तेही याच वेळी; म्हणजे एकीकरणास ३३ वर्षे होईपर्यंत उत्तर व दक्षिण यांनी एका सभागृहात बसून एकमेकांचे तोंड पाहिले नव्हते.

ओबाफेमी आवोलोवो यांनी १९४७ सालच्या आपल्या पुस्तकात भाषा व समाज यांच्या आधारावर संघराज्य रचावे असे प्रतिपादिले होते. न्नामदी अझिकिवे यांनीही १९४३ साली तिनांहून अधिक घटकांची कल्पना मांडली होती. पण सभा, मंत्रिपदे आणि पक्ष हे सारे जेव्हा तीन चौकटींत वाटले गेले, तेव्हा नेतेही त्याच चौकटींत स्थिरावले. उत्तरेत अहमदू बेल्लो यांचा पक्ष, पश्चिमेत आवोलोवोंचा, पूर्वेत अझिकिवेंचा. १९५० साली इबादानच्या परिषदेत उत्तरेने मध्यवर्ती सभागृहात निम्म्या जागांची मागणी केली, आणि १९५१ च्या घटनेत उत्तर ६८, पूर्व ३४ व पश्चिम ३४ अशी वाटणी झाली. मार्च १९५३ मध्ये अँथनी एनाहोरो यांनी १९५६ साली स्वराज्य मिळावे असा ठराव आणला. शिकलेल्या दक्षिणेच्या हाती सारी नोकरशाही जाईल या धास्तीने उत्तरेने तो अडविला. लागोसच्या रस्त्यांवर उत्तरेच्या प्रतिनिधींची हुर्यो उडविली गेली. मे महिन्यात कानो शहरी दंगल उसळली, तीत अधिकृत गणनेनुसार ३६ माणसे मेली. यावर लंडन व लागोस येथे परिषदा झाल्या आणि १ ऑक्टोबर १९५४ रोजी लिटलटनची राज्यघटना आली. नायजेरिया रीतसर संघराज्य झाला. शेषाधिकार प्रदेशांकडे गेले. नोकरवर्ग, न्यायालये व शेतमालाची खरेदी करणारी मंडळे यांची प्रदेशवार फाळणी झाली. उत्तरेचे भुईमूग, पश्चिमेचा कोको, पूर्वेचे पामतेल असा हिशेब झाला.

पैशाच्या वाटणीतही आपल्या ओळखीचे एक नाव भेटते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९३९ ते १९४५ या काळात अर्थखाते सांभाळलेले सर जेरेमी रेझमन यांच्या अध्यक्षतेखाली १९५८ साली नायजेरियात महसूलवाटपाचा आयोग बसला. खनिजाच्या स्वामित्वधनाचा ५० टक्के हिस्सा ते जेथे निघते त्या प्रदेशास, २० टक्के मध्यवर्ती सरकारास व ३० टक्के सर्व प्रदेशांच्या सामायिक निधीस, असा त्यांचा निवाडा होता. ओलोइबिरी येथे १९५६ साली तेल सापडले होते व १९५८ सालीच निर्यातीस आरंभ झाला होता. या टक्केवारीवरून पुढे केवढे रण माजणार आहे, याची कल्पना तेव्हा फारशी कोणास नसावी.

मूळ दोष मात्र पैशाचा नव्हता, मापाचा होता. जॉन स्टुअर्ट मिल याने एकोणिसाव्या शतकातच बजावले होते, की संघराज्यात कोणताही एक घटक इतका बलाढ्य नसावा की तो एकटा इतर अनेकांना भारी पडेल. नायजेरियात उत्तर प्रदेश क्षेत्रफळाने देशाच्या सुमारे तीन-चतुर्थांश आणि लोकसंख्येने निम्म्याहून अधिक होता. १९५९ च्या निवडणुकीत ३१२ पैकी १७४ जागा एकट्या उत्तरेच्या होत्या. उत्तर एकवटली तर इतरांना केंद्रात आशा नाही. इतर एकवटले आणि उत्तर फुटली, तर उत्तरेचा जीव धोक्यात, अशी ही रचना. लहान समाजांची अवस्था आणखी बिकट होती. त्यांच्या भीतीचा विचार करण्यासाठी १९५७ साली विलिंक आयोग नेमला गेला. भीती खरी आहे हे त्याने मान्य केले, पण नवी राज्ये निर्माण करण्याची शिफारस मात्र केली नाही. मूलभूत हक्कांची तरतूद सुचविली. १ ऑक्टोबर १९६० रोजी देश स्वतंत्र झाला तो या तीन खांबांवर. अबुबकर तफावा बलेवा पंतप्रधान झाले; पण त्यांच्या पक्षाचे श्रेष्ठी अहमदू बेल्लो यांनी कदुना येथील उत्तरेचे मुख्यमंत्रिपद सोडून लागोसला जाणे पसंत केले नाही, यावरून सत्तेचे खरे ठाणे कोठे होते ते दिसते.

पुढील दशकाची शोकांतिका थोडक्यात सांगतो. १९६२ व १९६३ च्या जनगणना वादात सापडल्या, कारण डोकी मोजणे म्हणजेच जागा मोजणे होते. १९६४ च्या निवडणुकीने पेच वाढविला. १५ जानेवारी १९६६ च्या लष्करी बंडात बलेवा व बेल्लो मारले गेले. सत्तेवर आलेले जनरल इरोन्सी यांनी मे महिन्यात ३४ क्रमांकाच्या फर्मानाने प्रदेश रद्द करून एकसंध राज्य जाहीर केले व नोकरवर्गही एक केला. उत्तरेतील कारकुनापासून अमीरापर्यंत सर्वांस याचा एकच अर्थ दिसला: आता दक्षिणेचे लोक येणार. दंगली झाल्या, जुलैत दुसरे बंड झाले, इरोन्सी मारले गेले, आणि उत्तरेत राहणाऱ्या हजारो इग्बोंची कत्तल झाली. नवे शासक गोवन यांनी २७ मे १९६७ रोजी चार प्रदेशांचे (पश्चिमेतून १९६३ साली मध्य-पश्चिम प्रदेश निघाला होता) १२ राज्यांत विभाजन केले. तीन दिवसांनी पूर्वेने ‘बियाफ्रा’ म्हणून स्वातंत्र्य पुकारले. जानेवारी १९७० पर्यंत चाललेल्या युद्धात लक्षावधी माणसे, बहुतेक उपासमारीने, मेली. टेंपल आणि मोरेल यांनी १९१४ पूर्वी जे सुचविले होते, ते अखेर यादवीच्या उंबरठ्यावर करावे लागले.

राज्यांची संख्या पुढे १९७६ साली १९, १९८७ साली २१, १९९१ साली ३० आणि १९९६ साली ३६ झाली. बलाढ्य घटकाचा दोष गेला, पण दुसरा आला. लष्कराने पाडलेली ही राज्ये स्वतःच्या उत्पन्नावर उभी राहू शकणारी नव्हती; तेलाचा पैसा मध्यवर्ती तिजोरीत जाऊन तेथून वाटला जाऊ लागला. १९९९ च्या राज्यघटनेने खनिज जेथे निघते त्या राज्यांसाठी किमान १३ टक्के हिस्सा राखला. रेझमनचे ५० टक्के आठवले म्हणजे नायजरच्या मुखाकडील तेलप्रदेशाचा रोष समजतो.

आणि आता त्या माणसांविषयी, ज्यांच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. रेल्वे व कचेऱ्या यांच्याबरोबर दक्षिणेतील कारकून, फिटर, व्यापारी उत्तरेत गेले. कानोसारख्या शहरांत त्यांना तटाबाहेर ‘साबोन गारी’ म्हणजे ‘नवे गाव’ नावाची निराळी वस्ती नेमून दिली गेली. मूळ रहिवासी अमीराच्या अमलाखाली, उपरे निराळ्या वस्तीत, ही इंग्रजी दफ्तराची सोय. १९५३ ची दंगल या वस्तीत झाली, १९६६ ची कत्तलही अशाच वस्त्यांत झाली. मधल्या काळात उत्तरेच्या सरकारने नोकऱ्यांत प्रथम उत्तरेचा माणूस, तो न मिळाल्यास करारावर इंग्रज, आणि त्यानंतरच दक्षिणेचा नायजेरियन, असे धोरण चालविले. युद्धानंतर पोर्ट हारकोर्ट शहर नव्या रिव्हर्स राज्यात गेले होते. तेथे परतलेल्या अनेक इग्बो मालकांना आपली घरे ‘सोडून दिलेली मालमत्ता’ ठरल्याचे आढळले. १९९९ च्या घटनेने प्रत्येक राज्यातून किमान एक मंत्री घ्यावा आणि तो त्या राज्याचा ‘मूळनिवासी’ असावा असे सांगितले. हेतू समतोलाचा होता. परंतु मूळनिवासी कोण, याचा दाखला स्थानिक कचेरी देते. आणि तीन पिढ्या एका गावी राहिलेल्या माणसाच्या नातवालाही तो दाखला मिळेलच असे नाही. जॉस शहरात २००१ पासून वारंवार उसळलेल्या दंगलींच्या मुळाशी हाच प्रश्न होता.

सारा दोष इंग्रजांच्या माथी मारून मोकळे होणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. रेघ त्यांनी ओढली. तिच्यावर कुंपण घालण्याचे काम पुढे देशी नेत्यांनी व सेनाधिकाऱ्यांनीही केले. तथापि ज्या खात्यात आम्ही आयुष्य घालविले तेथे नकाशावरील रेघेचे मोल आम्ही जवळून पाहिले आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी मध्यप्रदेशातून छत्तीसगड वेगळे झाले, तेव्हा फाइलींबरोबर माणसांचीही वाटणी झाली. कोण रायपूरला, कोण भोपाळला, यावरून घराघरांत रात्री जागल्या गेल्या. पण त्या वाटणीत कोणाच्या नागरिकत्वास धक्का लागला नाही. आपल्या राज्यघटनेच्या १६ व्या कलमाने सरकारी नोकरीत जन्मस्थान वा निवास यांवरून भेद करण्यास मनाई केली आहे, आणि भाषावार प्रांतरचना झाली त्याच वर्षी, १९५६ साली, भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय व्हावी असे कलम घटनेत घातले गेले. या तरतुदी सर्वत्र पुरत्या पाळल्या जातात असे कोणी म्हणणार नाही. आपल्यातील ज्यांच्या शाळा पटसंख्येअभावी मिटल्या त्यांना ते सांगावयास नको. परंतु तरतूद कागदावर असणे आणि नसणे यांतील अंतर किती असते, हे कानोच्या तटाबाहेरच्या त्या नव्या गावाने दाखवून दिले आहे.

संघराज्याची परीक्षा घटक किती आणि त्यांचे अधिकार किती एवढ्यावर होत नाही. रेघेच्या पलीकडे जाऊन घर बांधलेल्या माणसाला तेथे निर्धास्त झोप लागते की नाही, यावर ती होते, असे आम्हांस वाटते.